मुलांचा कोड कोणाच्या घरात?

जळगाव, भुसावळ, धुळे भागातील आपली अनेक मुले-मुली बीसीए, डिप्लोमा किंवा संगणक अभियांत्रिकी शिकत आहेत. शेवटच्या वर्षी प्रोजेक्ट करावा लागतो. त्याचा कोड बहुतेक जण गिटहबवर ठेवतात आणि नोकरीच्या अर्जात तोच पत्ता देतात. तीन-चार वर्षांची मेहनत अशी एका खात्यात जमा होते. ते खाते कोणाच्या ताब्यात असते, हे घरातल्या मोठ्यांनीही समजून घ्यावे.

गिटहब ही अमेरिकी कंपनी. २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती ७५० कोटी डॉलरला विकत घेतली. तिला अमेरिकेचा कायदा पाळावाच लागतो. जुलै २०१९ मध्ये याच कारणाने इराण, सीरिया आणि क्रिमियातील प्रोग्रामरांच्या खात्यांवर निर्बंध आले. त्यांचा खासगी कोड अडकला. त्यांचा गुन्हा कोणता? राहण्याचे ठिकाण, एवढाच. कंपनीला अमेरिकी सरकारकडून परवाना मिळून इराणमध्ये सेवा पूर्ववत व्हायला जानेवारी २०२१ उजाडले.

मग दुसरी जागा कोणती? बर्लिनमधील ‘कोडबर्ग’ हा चांगला पर्याय आहे. ती कंपनी नाही, नफ्यासाठी न चालणारी नोंदणीकृत संस्था आहे. सभासद आणि देणगीदार ती चालवतात. मात्र ती मुक्त स्रोत कोडसाठी आहे; ग्राहकाचे गोपनीय काम तिथे ठेवू नये. कोडबर्ग ज्या ‘फोर्जेजो’ सॉफ्टवेअरवर चालते, ते मोफत मिळते. एखादे कॉलेज आपल्या लॅबमधील संगणकावरही ते बसवू शकते. पण मग वीज, अपडेट आणि बॅकअप यांची जबाबदारी कोणीतरी अंगावर घ्यायला हवी.

देश बदलला म्हणजे चिंता मिटली, असेही नाही. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाच्या निर्बंधांनंतर मायक्रोसॉफ्टने गुजरातमधील नायरा एनर्जीची सेवा थांबवली होती. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि सेवा परत सुरू झाली. आपल्या मुलांना कोर्टाची पायरी परवडेल का? आणि डिसेंबर २०१४ मध्ये तर भारत सरकारच्याच आदेशाने ३२ संकेतस्थळे रोखली गेली, त्यांत गिटहबही होते.

म्हणून खरा आधार स्वतःजवळच्या प्रतीचा. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये तयार केलेल्या ‘गिट’ची रचनाच अशी आहे, की पूर्ण क्लोन केलेल्या प्रतीत कोडचा सगळा इतिहास येतो. गिटहब बंद करण्याची गरज नाही. नोकरी देणारे तिथे पाहतात. फक्त एवढे करावे :

१. दर महिन्याला सर्व रिपॉझिटरींची मिरर प्रत घरच्या हार्ड डिस्कवर घ्यावी.

२. खुला कोड कोडबर्गवरही पाठवावा. एकाच रिपॉझिटरीला दोन पत्ते जोडता येतात.

३. इश्यू आणि त्यांवरील चर्चा क्लोनमध्ये येत नाहीत. त्या वेगळ्या उतरवून घ्याव्यात.

४. खाते कॉलेजच्या नव्हे, स्वतःच्या ईमेलवर असावे. रिकव्हरी कोड कागदावर छापून घरच्या महत्त्वाच्या कागदपत्रांत ठेवावेत. मोबाइल हरवला, तर तेच उपयोगी पडतात.

सातबारा आपण जपून ठेवतो. मुलांची ही कमाईही तितक्याच काळजीने जपावी. येत्या रविवारी त्यांच्याजवळ बसा आणि विचारा, ‘बेटा, तुझ्या कोडची दुसरी प्रत कुठे आहे?’