फ्लुएंट कोण, ॲफ्लुएंट कोण?

एंट्रन्सच्या व्होकॅब लिस्टमध्ये 'ॲफ्लुएंट' हा शब्द तुम्ही घोकला असेलच. अर्थ : श्रीमंत. एक मार्क पक्का! पण त्याचं मूळ कधी पाहिलंय? लॅटिनमध्ये 'फ्लुएरे' म्हणजे वाहणं. ज्याच्याकडे वाहत येतं, तो ॲफ्लुएंट. इंग्रजीत उपनदीलाही हा शब्द आहे.

म्हणूनच 'रिच' आणि 'ॲफ्लुएंट' अगदी सारखे नाहीत. रिच काहीही असतं : केक, माती, लॉटरी लागलेला माणूस. ॲफ्लुएंट म्हटलं की घर, वस्ती, समाज डोळ्यांसमोर येतो, जिथे पैशाचा ओघ कायमचा आहे. अर्थतज्ज्ञ गालब्रेथ यांनी १९५८मध्ये अमेरिकेवर पुस्तक लिहिलं, तेव्हा नाव दिलं 'द ॲफ्लुएंट सोसायटी'. स्पेलिंग मात्र सांभाळा. सुरुवातीच्या 'ए'च्या जागी 'ई' पडला, की 'एफ्लुएंट' म्हणजे कारखान्याचं सांडपाणी!

याच घराण्यातला आणखी एक शब्द म्हणजे 'फ्लुएंट'. आपणही म्हणतोच की, ओघवतं बोलणं. आणि खरा घोळ इथेच आहे. कॅम्पस प्लेसमेंटच्या ग्रुप डिस्कशनमध्ये फाडफाड इंग्रजी बोलणारा लगेच 'स्मार्ट' ठरतो. त्याच्या ओघामागे महागड्या शाळेची फी असते, घरातली इंग्रजी पुस्तकं असतात, इंग्रजी बोलणारे आईबाबा असतात. हे सगळं त्याच्याकडे वाहत आलेलं असतं. जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेली मुलगी तोच मुद्दा जास्त नेमका मांडत असते, पण क्रियापदाशी अडखळते. आणि आपण गालातल्या गालात हसतो.

'पण नोकरीत इंग्रजी लागतंच ना?' असं तुम्ही म्हणाल. लागतंच. ते मेहनतीने येतंही. पण ते कौशल्य आहे, अक्कल मोजायची पट्टी नाही. कॉलेजांनी ते पहिल्या वर्षापासून शिकवावं, फक्त शेवटच्या वर्षी तपासू नये.

आणि आपण काय करायचं? पुढच्या ग्रुप डिस्कशनमध्ये कुणी शब्द शोधत थांबलं, तर मध्येच तोंड घालू नका. दहा सेकंद थांबा. तिला वाक्य पूर्ण करू द्या आणि मग तिच्या मुद्द्यावर बोला.