धान कोणाचा, मदत कोणाला?

१/ गोंदियात पूर येवो वा अवकाळी पाऊस, शासकीय मदत जाहीर होताच ‘शेतकऱ्यांना फुकट पैसे वाटले’ हा शेरा ठरलेला असतो. ज्यांना या मदतीचा इतिहास ठाऊक नाही, तेच असे म्हणू शकतात. या मदतीची मूळ चौकट महसूल सांभाळण्यासाठी उभारली गेली होती. 🧵

२/ १८७६-७८ च्या महादुष्काळानंतर रिचर्ड स्ट्रॅची यांच्या आयोगाने १८८० मध्ये अहवाल दिला. १८८३ मध्ये दुष्काळ संहिता आली. धडधाकट माणसाला कामाच्या मोबदल्यात पोटापुरती मजुरी. शेतकऱ्याला सारा तहकुबी, सूट किंवा तगाई. तगाई म्हणजे कर्जच. बुडालेल्या पिकाची भरपाई हा विचार तीत नव्हता.

३/ पिकाचा अंदाज घेतला जाई तो सारा किती वसूल होईल हे ठरवण्यासाठी. पूर्ण पीक सोळा आणे धरून आणेवारी काढत. १९५७ मध्ये दशमान नाणी आली आणि आणेवारीची पैसेवारी झाली. नाणे बदलले, दृष्टी बदलली नाही.

४/ १९९९ पर्यंत गोंदिया भंडारा जिल्ह्याचा भाग होता आणि ब्रिटिश काळात हा मुलूख मालगुजारीचा होता. सरकारात सारा भरणार मालगुजार, चिखलात रोवणी करणार कूळ. साऱ्याची सूट आधी मालगुजाराच्या दारी येई. तिथून ती कुळापर्यंत पोहोचली तर पोहोचली.

५/ १९५१ मध्ये मालगुजारी संपली. त्यांचे तलाव ‘माजी मालगुजारी’, म्हणजेच आजचे ‘मामा तलाव’ झाले. परंतु ज्याचे नाव दप्तरात, त्यालाच दिलासा, हा न्याय मात्र ‘माजी’ झाला नाही.

६/ ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला महापूर आला आणि धानाच्या बांध्या पाण्याखाली गेल्या. अशा वेळी पंचनामा होतो, रक्कम सातबाऱ्यावरील खातेदाराला मिळते. ठेक्याने वा बटईने शेती करणाऱ्याने बियाणे, खत, रोवणीची मजुरी असा सारा खर्च केलेला असतो. यादीत त्याचे नावच नसते.

७/ रक्कम तरी किती? २०२२-२६ साठीच्या केंद्रीय निकषांत कोरडवाहू पिकाला हेक्टरी ८,५०० रुपये, सिंचित पिकाला १७,००० रुपये, तेही २ हेक्टरांपर्यंत. म्हणजे कोरडवाहू एकराला सुमारे ३,४४० रुपये. नुकसान ३३ टक्क्यांहून कमी भरले तर शून्य. राज्य शासन कधी भर घालते; पण ती त्या त्या वेळच्या निर्णयावर अवलंबून असते. याला ‘वाटप’ म्हणणे ही क्रूर थट्टा आहे.

८/ आक्षेप येतो : ‘नोंदीशिवाय पैसे दिले तर लूट होईल.’ आक्षेप रास्त आहे; मग नोंद करा! १९७१ च्या अधिकार अभिलेख नियमांत गाव नमुना १४ आहे. अभिलेखाबाहेरची व्यक्ती जमिनीच्या ताब्यात आढळल्यास तलाठ्याने तिची नोंद करून तहसीलदारास कळवावे, असा तो नियम. आपले हक्क जातील या भीतीने जमीनमालक ठेका तोंडीच ठेवतो, कारण १९५८ चा विदर्भ कुळकायदा त्याच्या स्मरणात असतो. ही भीती दूर करायची असेल, तर मदतीपुरती नोंद कुळहक्कापासून वेगळी धरणारी तरतूद करावी. ते शासनाच्या हाती आहे.

९/ दुष्काळ संहितेला नावे ठेवणे सोपे आहे. तिचे कर्ते कधीच गेले. मात्र कापलेल्या धानाच्या कडपा शेतात भिजून त्यांना कोंब फुटतात, तेव्हा नुकसान सातबाऱ्याचे होत नाही, कसणाऱ्याचे होते. स्वतंत्र देशाची मदतही मालगुजाराच्याच वाटेने जाणार असेल, तर १९५१ मध्ये नेमके काय संपले?