समजून घ्या : पाचवीचे मूल मागे राहिले, तर जबाबदारी कोणाची?

आणे (ता. जुन्नर) : 'आठवीपर्यंत कोणी नापास होत नाही', हा समज आता जुना झाला. 2023-24 पासून राज्य मंडळाच्या शाळांत पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे. पाचवीत प्रत्येक विषयात 50 पैकी किमान 18 गुण हवेत. कमी पडले तर पुनर्परीक्षा, त्यातही जमले नाही तर वर्ष पुन्हा त्याच वर्गात. शाळेतून मात्र काढता येत नाही.

आणे पठारासारख्या पर्जन्यछायेतल्या भागात हा नियम जास्त टोचतो. सुगीत मूल आठवडाभर शेतावर राहिले, तर बुडालेले गणित भरून कोण काढणार?

कायद्याचे उत्तर निम्मे शाळेकडे बोट दाखवते. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 24 नुसार शिक्षकाने नियमित पालकसभा घेऊन हजेरी आणि प्रगती सांगायची, गरजेप्रमाणे जादा शिकवायचे. मारणे किंवा मानसिक त्रास देणे कलम 17 ने बंद. दप्तर धोरण 2020 प्रमाणे दुसरीपर्यंत गृहपाठच नाही, तिसरी ते पाचवीला आठवड्याला फार तर दोन तास.

आणि पालक? जिल्हा परिषदेच्या शाळेत व्यवस्थापन समितीचे तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात, एकूण सदस्यांत निम्म्या महिला. ही ताकद अनेकदा सहीपुरतीच उरते. निकालाच्या दिवशी विचारून उपयोग नाही. 'माझे मूल कोणत्या विषयात मागे आहे?' हे दिवाळीनंतरच्या पहिल्या सभेतच विचारावे.