पोटातलं ओठावर येऊ दे

आमच्या बचत गटाची बैठक म्हणजे हप्ते गोळा झाले की गप्पांना ऊत. कुणाचे गुडघे, कुणाची शुगर, कुणाच्या सासूबाईंचा मोतीबिंदू. मागे एकदा मी सहज विचारलं, "शौचावाटे रक्त जातं, असं कुणाला होतं का गं?" तर सगळ्यांच्या माना खाली! एकीने तर पदर तोंडाला लावला. बैठक संपल्यावर मात्र एक वहिनी मागे रेंगाळल्या. चपला घालता घालता हळूच म्हणाल्या, "ताई, मला होतं. सात वर्षं झाली."

सात वर्षं! दिवसातून आठ-दहा वेळा जावं लागायचं, रक्त आणि आव पडायची. माहेरच्या लग्नाला एसटीने जायचं तर आदल्या दिवसापासून उपाशी, कारण वाटेत उतरणार कुठे? मूळव्याध असेल म्हणून चूर्णं झाली, ताक झालं, तिखट बंद झालं. अंगातलं रक्त कमी झालं, तर तेही पाळीच्या नावावर खपलं. शेवटी दुर्बिणीतून मोठं आतडं तपासलं, तेव्हा कळलं की हा अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याची जुनाट सूज.

मी कला शाखेची पदवीधर. डॉक्टरांकडून तीनदा समजावून घेतलं तेव्हा कुठे डोक्यात शिरलं. आपल्या आतड्यात कोट्यवधी जिवाणू असतात आणि शरीराच्या राखणदार पेशी त्यांच्याशी एरवी गुण्यागोविंदाने नांदतात. या आजारात तो सलोखा बिघडतो. टी पेशी हाकाटी करतात, न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी धावून येतात आणि जंतू मारण्यासाठी असलेली तिखट रसायनं आपल्याच आतड्याच्या अस्तरावर ओततात. कुंपणानेच शेत खावं, तसं! अस्तर सोलवटतं, जखमा होतात, रक्त येतं. शौचात कॅलप्रोटेक्टिन तपासायला सांगतात ना, ते याच न्यूट्रोफिलमधलं प्रथिन. म्हणजे राखणदार आत किती उधळलेत, त्याची खूण.

खरी भीती पुढची आहे. जखम भरायची तर नव्या पेशी तयार व्हायला हव्यात. पुन्हा जखम, पुन्हा नव्या पेशी. वर्षानुवर्षं हे चाललं की त्या रसायनांच्या माऱ्याने पेशींमधली जनुकं बिघडतात, आणि त्यातूनच एखाद्या वेळी कर्करोग उभा राहतो. जुनाट सूज आणि कर्करोग यांचं नातं जर्मनीच्या रुडॉल्फ विर्शो यांनी १८६३ सालीच सुचवलं होतं. २००१ साली अनेक अभ्यास एकत्र करून काढलेल्या आकड्यांनुसार आजाराच्या १० वर्षांनंतर शंभरात २, २० वर्षांनंतर ८ आणि ३० वर्षांनंतर १८ जणांना आतड्याचा कर्करोग होतो. नंतरच्या अभ्यासांत धोका याहून कमी दिसला, तेव्हा घाबरून जाऊ नका. आजार गुदाशयापुरताच असेल तर धोका फारसा वाढत नाही. वर पसरलेला असेल तर मात्र आजार सुरू झाल्यापासून साधारण ८ वर्षांनी, आणि पुढे डॉक्टर सांगतील त्या अंतराने, दुर्बिणीची तपासणी करावी लागते. त्रास वाटत नसला तरीही! कारण इथला बिघाड पुष्कळदा कोंबासारखा वर न येता अस्तरातच सपाट पसरतो. तो बारकाईने शोधावा लागतो.

आणि ही ८ वर्षं मोजायची ती पहिल्या त्रासापासून. निदान झालं त्या दिवसापासून नव्हे. म्हणजे आपण लाजेने गिळून टाकलेली वर्षंसुद्धा हिशेबात धरली जातात. म्हणूनच मला आपल्या बायकांच्या सोसण्याचं कौतुक वाटेनासं झालंय. रक्त पडलं की मूळव्याध, हे निदान आपण शेजारणीकडून घेतो. असेलही मूळव्याध. पण ते डॉक्टरांनी तपासून सांगू दे ना! जपानचे पंतप्रधान शिंझो आबे यांनाही हाच आजार होता. २०२० साली याच कारणाने पद सोडताना त्यांनी ते साऱ्या देशासमोर सांगितलं. आपल्याला नवऱ्याला सांगतानाही जीभ अडखळते.

दुसरी खोड म्हणजे बरं वाटलं की गोळ्या बंद. सूज दबलेली ठेवणं हाच तर कर्करोगाचा धोका कमी करण्याचा मार्ग आहे. सल्फासलाझिन हे यावरचं जुनं, अजूनही वापरात असलेलं औषध. ते स्वीडनच्या डॉक्टर नाना स्वार्ट्झ यांच्या कामातून पुढे आलं. (नाना म्हणजे आपले नाना नव्हेत, बाई होत्या! १९३७ साली त्या कॅरोलिन्स्का संस्थेत प्राध्यापक झाल्या.) दिवस राहिले की "आता औषधं नकोत" असं घरातल्या मोठ्या बायका सांगतात. पण गरोदरपणात आजार उसळणं आईला आणि बाळाला जास्त जड जातं. काही औषधं तेव्हा चालतात, काही अजिबात चालत नाहीत. ते ठरवायचं डॉक्टरांनी, सासूबाईंनी नाही. मलाही सूनबाई येईल तेव्हा हे लक्षात ठेवायला हवं म्हणा!

वहिनींबरोबर मी मोठ्या डॉक्टरांकडे गेले होते. त्यांनी विचारलं, "पहिल्यांदा रक्त कधी दिसलं?" शेजारी नवरा बसलेला. वहिनी म्हणाल्या, "झाली असतील दोनेक वर्षं." मी नुसतं त्यांच्याकडे पाहिलं. खोलीत जरा वेळ कुणीच बोललं नाही. मग त्या बोटं मोजू लागल्या. "धाकट्याच्या बारशाला मी पंगतीत बसले नव्हते... तो आता दुसरीत आहे." डॉक्टरांनी कागदावरचे दोन खोडले आणि सात लिहिले.