भीमजयंतीच्या शिबिरात गर्मीची तपासणी का नको?

14 एप्रिलच्या आरोग्य शिबिरात आपण बीपी बघतो, साखर बघतो. त्यात सिफिलिसची, म्हणजे गर्मीची, व्हीडीआरएल तपासणी घेऊ म्हटलं की आपलेच कार्यकर्ते म्हणतात, "नको, समाजाची बदनामी होईल."

आधी हा रोग काय करतो ते समजून घ्या. सुरुवातीची जखम दुखत नाही, आपोआप भरते. माणूस विसरतो. उपचार झाले नाहीत, तर साधारण दहातल्या एकाला 10 ते 30 वर्षांनी छातीत त्रास सुरू होतो. महाधमनीच्या भिंतीला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या सुजून बंद पडतात, भिंत कमकुवत होऊन फुगते. झडप नीट मिटत नाही, रक्त उलटं हृदयात येतं, दम लागतो. फुगा फुटला तर दवाखाना गाठायलाही वेळ मिळत नाही. घरचे म्हणतात, अटॅक आला.

पहिल्या वर्षात कळलं तर बहुधा पेनिसिलिनचं एक इंजेक्शन पुरतं, जुन्या रोगाला आठवड्याच्या अंतराने तीन. पण फुगलेली धमनी इंजेक्शनने पूर्ववत होत नाही.

आता बदनामी. रत्नागिरी हा चाकरमान्यांचा जिल्हा. नवरा मुंबईत, बायको मंडणगड-दापोलीत, पिढ्यान्‌पिढ्या. नवऱ्याकडून तिला रोग आला, तर तिने लाजायचं का? सरकार गरोदर बाईची तपासणी करतं. पुरुषाला कोण विचारतं?

16 जून 1936 ला परळच्या दामोदर हॉलमध्ये बाबासाहेब देवदासी, जोगतिणी आणि कामाठीपुऱ्यातल्या स्त्रियांसमोर बोलले. शब्द कठोर होते, तो धंदा सोडा असं सांगितलं. आपण त्यातला कठोरपणा तेवढा लक्षात ठेवला. हा विषय त्यांनी भर सभेत काढला होता, हे विसरलो.

अमेरिकेत टस्कीगी इथे 1932 पासून सिफिलिस झालेल्या 399 कृष्णवर्णीय पुरुषांना सरकारी डॉक्टरांनी रोगाचं नाव सांगितलं नाही, "रक्त खराब आहे" एवढंच सांगितलं. पेनिसिलिन आलं तरी दिलं नाही, रोग कुठवर जातो ते बघत बसले. 1972 ला हे वर्तमानपत्रात आलं तेव्हा ते थांबलं. आपण यावर भाषणं देतो, वर्णद्वेषाचा धिक्कार करतो. आणि वस्तीत रोगाचं नाव घ्यायची वेळ आली की गप्प.

येत्या जयंतीच्या नियोजनाच्या बैठकीत हा विषय मांडा. जिल्हा रुग्णालयांतल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये ही तपासणी मोफत होते, नाव गुप्त ठेवतात. शिबिरासाठी तिथल्या समुपदेशकांशी आधी बोला. आणि पहिलं रक्त मंडळाच्या अध्यक्षांनी द्यावं, मग सचिवांनी, मग आपण.