तिवरांच्या पाठीमागची जमीन

ठाणे खाडीच्या एका भागाला २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्याचा आणि २०२२ साली रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा दर्जा मिळाला. परंतु एवढ्याने आपली तिवरे सुरक्षित झाली, अशी जी समजूत ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीच्या सुशिक्षित वर्गात रूढ झालेली दिसते, ती मला अत्यंत चिंताजनक वाटते.

हवामानशास्त्र ज्यांना टिपिंग पॉइंट म्हणते, त्या सीमारेषांचे लक्षण असे की, त्या ओलांडल्यावर मूळ कारण दूर केले तरी पूर्वस्थिती सहजासहजी परत येत नाही. उदाहरणार्थ, ग्रीनलंडच्या हिमस्तराचा पृष्ठभाग वितळून जसजसा खाली येतो, तसतसा तो अधिक उष्ण हवेत शिरतो आणि त्यामुळेच आणखी वितळतो. तो संपूर्ण वितळल्यास समुद्र सुमारे ७ मीटरने चढेल. यास शतकानुशतके लागतील हे खरे, पण ही सीमा दीड अंश तापमानवाढीच्या आसपासच असावी असा अनेक अभ्यासकांचा कयास आहे, आणि दीड अंशाची ती पातळी ओलांडणारे पहिले वर्ष २०२४ हे होते.

अशीच एक सीमा आपल्या दारातल्या चिखलात आहे. ओहोटीच्या वेळी तिवरांच्या बुंध्यांभोवती बोटाबोटाएवढी श्वासमुळे वर आलेली दिसतात. भरतीबरोबर आलेला गाळ त्यांच्यात अडकतो, जमीन उंचावते, आणि चढत्या समुद्राशी हे वन असे पाऊल मिळवून राहते. परंतु समुद्र वर्षाला सुमारे ६ मिलिमीटरांहून अधिक वेगाने चढू लागला की ही बरोबरी बहुधा टिकत नाही, असे प्राचीन गाळाच्या नोंदींवरून २०२० साली दाखवून देण्यात आले. आणि आजच जागतिक सरासरी वेग ४ मिलिमीटरांच्या पुढे गेलेला आहे.

ती सीमा ओलांडल्यावर तिवरांच्या या कांदळवनाला एकच मार्ग उरतो, तो म्हणजे जमिनीच्या दिशेने मागे सरकण्याचा; आणि नेमकी तीच जमीन आपण भरावाने, रस्त्यांनी आणि इमारतींनी अडवीत चाललो आहोत. काठावर राडारोड्याच्या गाड्या रिकाम्या होतात, भरतीचे पाणी तुटते, श्वासमुळे गाडली जातात, आणि कुऱ्हाडीचा एकही घाव न बसता झाडे उभ्याउभ्या वाळतात. पंचनामा होईपर्यंत तेथे सपाट मैदान तयार झालेले असते.

तिवरांच्या पाठीमागची ही जमीन केवळ झाडांनाच लागते असे नाही. २६ जुलै २००५ रोजी आणि २७ जुलै २०१९ रोजी, म्हणजे वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस हजाराहून अधिक उतारूंसह पुरात अडकली त्या दिवशी, उल्हास नदीच्या पुराने काय केले हे बदलापूर-कल्याणच्या रहिवाशांस सांगावयास नको. डोंगरातून आलेला लोंढा आणि खाडीची भरती एकाच वेळी आली, तर ते पाणी पसरावयास खाजण, म्हणजे भरतीखाली येणारी खाडीकाठची सखल जमीनच, लागते. पूर्वीच्या काळी शिलोत्री, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या, जमिनींची बांधबंदिस्ती पाहणाऱ्यांना समुद्राशी रोजचा व्यवहार ठाऊक होता. आपल्या नगररचनेच्या दप्तरात मात्र खाडी ही केवळ रिकामी जागा ठरते.

मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार कांदळवनाभोवती ५० मीटरचा पट्टा बांधकामापासून मुक्त ठेवावयाचा आहे. परंतु तो आजच्या झाडांपासून मोजला जातो, उद्या ती जेथे सरकतील तेथून नव्हे. म्हणून माझी मागणी अशी आहे की, ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या दोन्ही महापालिकांनी चढत्या भरतीची संभाव्य रेषा आपल्या विकास आराखड्यावर आखावी, तिच्या आतील मोकळ्या खाजणांवर यापुढे एकही बांधकाम परवाना देऊ नये, आणि आधीच टाकलेला भराव जिल्हाधिकारी कचेरीने उचलून भरतीची वाट मोकळी करून द्यावी.