सुझुकाची फेरी आणि शंभर मिलिसेकंदांचा हट्ट

सिम रेसिंग स्पर्धेच्या सुझुकाच्या ऑनलाइन फेरीनंतर आलेल्या पत्रांत सेटअप, टायर, इंधनाचे गणित यांवर जवळजवळ काहीच नाही. तक्रार एकच आहे : सरासरी पिंग 100 मिलिसेकंदांच्या वर गेला की सर्व्हर चालकाला आपोआप बाहेर काढतो, आणि एकदा बाहेर पडलेल्याला पुन्हा आत घेतले जात नाही. चंद्रपूरजवळच्या ऊर्जानगर, दुर्गापूर, बल्लारपूर आणि गडचिरोलीकडच्या चालकांना याचा फटका बसला. त्यावर आयोजकांचे उत्तर एका ओळीचे आहे : नियम सर्वांना सारखा. सारखा आहे, हे खरे. पण तो मोजायची ती गोष्ट मोजतच नाही. चुकीचे माप सर्वांना एकसारखे लावले म्हणून न्याय होत नाही.

धडका पिंगच्या आकड्याने होत नाहीत, पिंगच्या चढउताराने, म्हणजे जिटरने, होतात. एखाद्याचा पिंग पूर्ण शर्यतभर 120 वर स्थिर असेल तर त्याची गाडी इतरांना किंचित उशिरा दिसते, पण सरळ, सलग दिसते. तिच्या शेजारून जाता येते. उलट ज्याची सरासरी 45 आहे पण जो मध्येच 300 वर उडी मारतो, तो या नियमातून अलगद सुटतो आणि दोन गाड्या भिंतीवर घालतो. सुझुकावर हे जितके उघडे पडते तितके फुजीवर पडत नाही. फुजीच्या जवळजवळ दीड किलोमीटरच्या सरळ रस्त्यावर पॅकेट उशिरा आले तरी गाडी कुठे असेल याचा खेळाच्या नेटकोडचा अंदाज सहसा बरोबर ठरतो, कारण गाडी सरळच जायची असते. सुझुकाच्या पहिल्या टप्प्यातल्या एस वळणांत तसे नाही. तिथे ताशी 180 किलोमीटर धरले तर गाडी सेकंदाला 50 मीटर जाते. पॅकेटांत 300 मिलिसेकंदांचा खंड पडला तर 15 मीटर निव्वळ अंदाजावर काढावे लागतात, आणि नेमक्या त्याच 15 मीटरांत चालकाने स्टिअरिंग डावीकडून उजवीकडे फिरवलेले असते. मग मागच्याला दिसते ती गाडी रेषेबाहेर सरकलेली, आणि पुढच्या पॅकेटला ती टुणकन त्याच्या नाकासमोर येते. रिप्लेत दोघेही निर्दोष दिसतात. तरी या फेरीत आयोजकांच्या समितीने पेनल्टी दिली ती मागच्याला, आणि बाहेर काढला तो तिसराच, स्थिर 110 वाला.

आता हा 110 येतो कुठून तेही पाहू. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. या फेरीचा सर्व्हर जपानमध्ये होता, आणि चंद्रपूरहून टोकियो सरळ रेषेत सुमारे 6,100 किलोमीटर. म्हणजे जाऊन येऊन 60 मिलिसेकंद निसर्गानेच घेतले, केबलचा वळसा आणि राउटरांचे थांबे निराळे. सिंगापूरला हाच हिशेब 34 चा होतो, मुंबईला जेमतेम 7 चा. सर्किट जपानचे म्हणून सर्व्हरही जपानचा घेणे हा उत्साह झाला, व्यवस्थापन नव्हे. ग्रिडवरचे बहुसंख्य चालक भारतातले असताना सर्व्हर समुद्रापार ठेवायचा आणि वर अंतराचा दंड चालकाकडून वसूल करायचा, हा कारभार सरकारी कचेरीलाही लाजवील.

यावर समितीचा पहिला आक्षेप असा की एका आकड्याचा नियम राबवायला सोपा असतो. सोपा असतोच, पण जिटर आणि पॅकेट लॉस मोजणेही आज अवघड राहिलेले नाही. सराव सत्रात वीस मिनिटांची नोंद घेतली तरी कोण स्थिर आहे आणि कोण उड्या मारतो ते कळते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : खराब जोडणीवाल्यामुळे इतरांची महिनाभराची तयारी वाया का जावी? जाऊ नये. म्हणूनच जो जिटरच्या कसोटीवर नापास होईल त्याला शर्यतीपूर्वीच थांबवा, मग तो पुण्याचा असो की पोंभुर्ण्याचा. तिसरा आक्षेप असा की स्ट्युअर्डचा निर्णय अंतिम असतो, त्यावर चर्चा नको. याच सुझुकावर 1989 साली कॅसिओ शिकेनजवळ फॉर्म्युला वनचे आयर्टन सेना आणि अ‍ॅलेन प्रॉस्ट धडकले, सेना एस्केप रोडने पुन्हा ट्रॅकवर आला, शर्यत पुढे संपवली आणि अपात्र ठरला. तो निर्णयही कायम राहिला. पण त्यामागचे कारण पटले नाही म्हणून त्यावर अजूनही भांडणे होतात. निर्णय अंतिम करायचा असेल तर आधी तो पटण्याजोगा करावा लागतो.

मात्र सगळे खापर समितीवर फोडून आपले काही चालक नामानिराळे राहतात, तेही चालणार नाही. लाखभर रुपयांचे डायरेक्ट ड्राइव्ह व्हील घेणारे महाभाग दोन खोल्यांपलीकडच्या वायफायवर शर्यत खेळतात. विजेचेही तसेच : 2,920 मेगावॉटचे चंद्रपूरचे औष्णिक वीज केंद्र दाराशी असून वीज जाते, हा टोमणा आता जुना झाला. केंद्राची वीज 400 केव्हीच्या वाहिन्यांनी राज्यभर जाते; चंद्रपुरातल्या तुकूमच्या घराला मिळते ती 11 केव्हीच्या फीडरवरून, आणि पावसाळ्यात तो ट्रिप होणारच. इन्व्हर्टर ‘यूपीएस’ मोडवर नसेल तर क्षणभराच्या बदलीत पीसी रीस्टार्ट होतो; आणि पीसी तगला तरी फायबरचा डबा आणि राउटर बंद पडले तर शर्यत संपलीच. राउटरसाठी वेगळा छोटा यूपीएस आणि पीसीपर्यंत लॅनची केबल, एवढा खर्च व्हीलच्या किमतीपुढे नगण्य आहे. तो न करता अन्यायाची पत्रे लिहिणाऱ्यांसाठी या अंकात जागा नाही.

तेव्हा मित्रहो, पुढच्या फेरीचे प्रवेशशुल्क भरण्यापूर्वी आयोजकांकडून चार गोष्टी लेखी मागा : सर्व्हर कोणत्या शहरात आहे, जिटर आणि पॅकेट लॉसची मर्यादा किती, तांत्रिक कारणाने बाहेर पडलेल्याला एक लॅप मागे ठेवून पिटमधून परत घेणार की नाही, आणि धडकेच्या निकालात रिप्लेसोबत नेटवर्कची नोंद पाहणार की नाही. सोबत तुमच्या घरची तासाभराची पिंगची नोंद जोडा, संध्याकाळची, शर्यतीच्याच वेळेची. दहा जणांनी मागितले तर समिती टाळेल, चाळिसांनी मागितले तर ग्रिड रिकामी राहील या भीतीने तरी उत्तर देईल. उत्तर आले नाही तर ते शुल्क राउटरच्या यूपीएसवर खर्च करा.